पणजोबांचं लाल फूल: सीआयईचा (इंग्रज सरकारच्या एका मानाचा) बिल्ला ओळखायचा कसा आणि मग त्याचं करायचं काय

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, फोटोही मोठे करून नीट बघितले. घाईत दोन ओळीत उत्तर देण्यासारखी ही गोष्ट नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहितोय. जुनी पदकं, बिल्ले, सनदा यांच्यातच माझी तीसेक वर्षं गेली, त्यामुळे असं काही माळ्यावरून निघालं की मला राहवत नाही.

आधी तुम्ही काय सांगितलंय ते थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. साताऱ्याकडचा वाडा रिकामा करताना तुमच्या पणजोबांच्या पेटीत लाल मीन्याचं (धातूवर बसवलेल्या काचेसारख्या रंगाचं) पाच पाकळ्यांचं फूल सापडलं, वर मुकुट, मधे राणीचा चेहरा, वरच्या बाजूला सोन्याची आडवी पट्टी आणि मागे पिन, आणि पट्टीला चिकटलेले जांभळट फितीचे जीर्ण तुकडे. मागे कुठेही नाव नाही. पणजोबा मुंबई इलाख्यात पीडब्ल्यूडीत इंजिनियर होते, 1919 ला रिटायर झाले. काका म्हणतात ही 'ऑर्डर ऑफ मेरिट' आहे आणि 1935 च्या ज्युबिलीला मिळाली. चुलतभाऊ म्हणतो नकली आहे, कारण एक तर नाव नाही आणि दुसरं म्हणजे 1935 ला राणी कुठे होती, तेव्हा तर राजा होता. सराफाने वजन करून सोन्याचा भाव सांगितला. आणि कोणीतरी सुचवलं की लंडनला लिलावात पाठवून द्या.

तर पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, सराफाकडे परत नेऊ नका. बाकी सगळं त्यानंतर.

आता काकांचं बघू. काकांची चूक मी समजू शकतो, कारण 'ऑर्डर ऑफ मेरिट' हे नाव इतक्या वेगवेगळ्या गोष्टींना लागलंय की भल्याभल्यांचा गोंधळ होतो. ऑर्डर म्हणजे राजाने मान म्हणून दिलेलं सभासदत्व, आणि बिल्ला ही त्याची खूण. इंग्लंडची खरी ऑर्डर ऑफ मेरिट सातव्या एडवर्डने 1902 साली काढली. एका वेळी जास्तीत जास्त 24 जिवंत सभासद, परदेशी मानद सभासद त्याच्या बाहेर, आणि ती मिळाली म्हणून माणूस 'सर' होत नाही. तिचा बिल्ला म्हणजे लाल-निळ्या मीन्याचा क्रॉस, वर मुकुट, मधे निळ्या गोलात 'फॉर मेरिट' हे शब्द आणि भोवती लॉरेलच्या पानांची माळ, सैन्यातल्या माणसाला दिला तर मधे दोन तलवारी. फ्लॉरेन्स नाइटिंगेलला 1907 साली मिळाली, ती मिळवणारी पहिली बाई. आपल्या राधाकृष्णनांना 1963 ला मानद म्हणून मिळाली, मदर तेरेसांना 1983 ला. म्हणजे इलाख्याच्या पीडब्ल्यूडीतल्या इंजिनियरकडे ती असणं शक्यच नाही, आणि तुमच्या फोटोत क्रॉसही नाही.

दुसरी एक ऑर्डर ऑफ मेरिट आपल्याकडची, ती ईस्ट इंडिया कंपनीने 1837 साली काढली, हिंदी शिपायांच्या शौर्यासाठी. एडवर्डने 1902 ला आपली काढली तेव्हा दोन्हींची नावं सारखी झाली म्हणून हिला 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट' म्हणायला लागले. तिचा आठ टोकांचा तारा, मधे 'रिवॉर्ड ऑफ व्हॅलर' हे शब्द, फीत गडद निळी आणि कडा लाल. हिंदी शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळायची सोय 1911 ला झाली, तोपर्यंत त्यांना मिळू शकणारं सगळ्यात मोठं शौर्यपदक हेच होतं, 1897 ला सारागढीला पडलेल्या 21 शीख जवानांना हेच दिलं होतं. ज्यांच्या घरात लष्करी परंपरा आहे त्यांनी माळ्यावर आठ टोकांचा तारा सापडला तर तो डोळ्यात तेल घालून जपावा. पण तुमचं फूल तेही नाही.

तुमचं फूल म्हणजे 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर', त्यातला सगळ्यात खालचा वर्ग, कम्पॅनियन, म्हणजेच सीआयई. खालचा म्हणालो म्हणून नाराज होऊ नका. न्यायमूर्ती रानडे सीआयई होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांना 1904 ला सीआयई मिळाली. आणि पुढे आयुष्याच्या शेवटी त्यांना याच ऑर्डरची वरची पायरी, केसीआयई, देऊ केली तेव्हा त्यांनी ती नाकारली, कारण ती घेतली असती तर 'सर गोपाळ' व्हावं लागलं असतं आणि ते त्यांना नको होतं. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना 1911 ला केसीआयई मिळाली म्हणून ते 'सर' भांडारकर. म्हणजे फरक लक्षात घ्या, केसीआयई आणि त्याच्याही वरच्या जीसीआयईवाल्याला 'सर' लागतं, सीआयईवाल्याला नाही. तुमच्या घरच्या लग्नपत्रिकांमधे पणजोबांच्या नावाआधी 'सर' छापत असाल तर ते काढून टाका, नावानंतर 'सी. आय. ई.' लिहा, तेच बरोबर आणि तेच मानाचं.

या ऑर्डरची गोष्ट थोडी सांगतो कारण ती कळली की फूल वाचता येतं.

1857 नंतर कंपनी गेली, राणीचं राज्य आलं, आणि संस्थानिकांना राणीशी बांधून ठेवायला काहीतरी हवं होतं. म्हणून 1861 ला 'ऑर्डर ऑफ द स्टार ऑफ इंडिया' निघाली. पहिल्या यादीत निजाम होते, पतियाळा होतं, भोपाळच्या सिकंदर बेगम होत्या आणि आपले तिघेही, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, इंदूरचे तुकोजीराव होळकर, बडोद्याचे खंडेराव गायकवाड. आता इथे एक फार विचार करून केलेली गोष्ट आहे. युरोपातल्या बहुतेक ऑर्डरींचं चिन्ह क्रॉस असतं किंवा कोणीतरी संत असतो. हिंदू आणि मुसलमान राजांच्या गळ्यात क्रॉस कसा घालणार? म्हणून तारा घेतला, आणि ब्रीदवाक्य घेतलं 'हेवन्स लाइट अवर गाइड', आकाशातला प्रकाश आमचा वाटाड्या, ज्याला कोणत्याच धर्माचा माणूस हरकत घेणार नाही. 1866 ला तिचे तीन वर्ग केले तेव्हासुद्धा सगळ्यात वरच्या वर्गाला इंग्लंडसारखं 'नाइट ग्रँड क्रॉस' न म्हणता 'नाइट ग्रँड कमांडर' म्हटलं, क्रॉस हा शब्दच टाळला. फिकट निळी फीत, कडेला पांढरे पट्टे, आणि बिल्ल्यावर राणीचा कोरीव चेहरा, भोवती हिऱ्यांत ब्रीदवाक्य, वर हिऱ्यांचा पाच टोकांचा तारा. जुन्या तैलचित्रांत राजेलोक आभाळी रंगाच्या सॅटिनच्या पायघोळ झग्यात उभे दिसतात ना, तो याच ऑर्डरचा झगा. सयाजीरावांना जीसीएसआय, म्हणजे तिचा हा सगळ्यात वरचा वर्ग, 1887 ला मिळाली, शाहू महाराजांना 1895 ला.

पण हे सगळं राजे आणि फार मोठ्या अधिकाऱ्यांपुरतं. खाली शेकडो जज्ज, इंजिनियर, डॉक्टर, प्रोफेसर, कलेक्टर काम करत होते, त्यांना काय द्यायचं? 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली म्हणून जाहीर केलं, याच दरबाराला सार्वजनिक सभेतर्फे आपले गणेश वासुदेव जोशी, सार्वजनिक काका, हातानं कातलेल्या सुताच्या खादीत गेले होते. त्या पदवीची आठवण म्हणून बरोबर एका वर्षाने, 1878 च्या पहिल्या दिवशी, ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर सुरू झाली. सुरुवातीला फक्त कम्पॅनियन हा एकच वर्ग. 1886 ला केसीआयई आली, 1887 ला राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा जीसीआयई. ब्रीदवाक्य लॅटिनमधे, 'इम्पेराट्रिसिस ऑस्पिसिइस', म्हणजे सम्राज्ञीच्या छत्राखाली. आणि चिन्ह गुलाबाचं, लाल, पाच पाकळ्यांचं. सगळ्यात सुरुवातीच्या बिल्ल्यांवर पाकळ्यांवर एकेक अक्षर असायचं, पाच पाकळ्यांवर मिळून 'इंडिया' या इंग्रजी शब्दाची पाच अक्षरं. नंतरच्यांवर ती अक्षरं गेली आणि फूलही लहान झालं. तुमच्या पाकळ्यांवर अक्षरं नाहीत, म्हणजे ते नंतरच्या प्रकारातलं.

आता चुलतभावाचा मुद्दा, की राणीचा चेहरा आहे म्हणून नकली. हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी येतो. नाण्यांवर राजा बदलला की चेहरा बदलतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की पदकांचंही तसंच असणार, आणि बऱ्याच पदकांचं तसं असतंही. पण या दोन्ही ऑर्डरींवर ज्या राणीने त्या स्थापन केल्या तिचाच चेहरा शेवटपर्यंत राहिला. एडवर्ड आला, पाचवा जॉर्ज आला, सहावा जॉर्ज आला, 1947 ला नेमणुका बंद झाल्या, तरी फुलाच्या मधे व्हिक्टोरियाच. त्यामुळे चेहऱ्यावरून या बिल्ल्याचं साल काढता येत नाही. ज्यांनी ज्यांनी 'राणी आहे म्हणजे 1901 च्या आधीचं' असं लिहून ठेवलंय त्यांनी ते दुरुस्त करा.

साल काढायचं ते दुसऱ्या खुणांवरून, आणि इथेच तुमचा फोटो मला सगळ्यात जास्त बोलका वाटला. ती वरची सोन्याची आडवी पट्टी आणि मागची पिन. सीआयईचा बिल्ला आधी छातीवर डावीकडे लावायचे, फितीवर, पट्टीच्या पिनेने अडकवून. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला नियम बदलला आणि कम्पॅनियन लोक तो गळ्यात फितीवर घालायला लागले, मग पट्टीची गरजच उरली नाही, मुकुटावरच्या कडीतून फीत ओवली की झालं. ज्यांना आधी मिळाला होता त्यांच्यातल्या काहींनी पट्टी काढून तो गळ्यातला करून घेतला, काहींनी तसाच ठेवला. तुमच्याकडे पट्टी आहे, पिन आहे, म्हणजे हा बिल्ला छातीवरचा आहे, बदल होण्याच्या आधीचा. मग 1935 ला तो कसा मिळेल? नाही मिळणार. पणजोबा 1919 ला रिटायर झाले म्हणता, म्हणजे नोकरीत असतानाच, बहुधा त्या शतकाच्या पहिल्या पंधरा-सोळा वर्षांत तो मिळालेला असावा.

पण काकांना खोटं पाडू नका हं. घरात पिढ्यानपिढ्या सांगितलेल्या गोष्टीत साल चुकतं, क्रम चुकतो, पण पूर्ण गोष्ट हवेतून येत नाही, असा माझा अनुभव आहे. पाचव्या जॉर्जच्या राज्याला 25 वर्षं झाली म्हणून 1935 ला खरंच एक ज्युबिली पदक काढलं होतं, चांदीचं, गोल, एका बाजूला राजा आणि राणी मेरी दोघांचे चेहरे, लाल फीत आणि कडेला निळे-पांढरे पट्टे. ते अधिकाऱ्यांना, प्रतिष्ठित लोकांना वाटलं होतं, आणि त्याच्यावरही नाव घातलेलं नसायचं. माझा अंदाज असा की पणजोबांना म्हातारपणी ते मिळालं, घरात त्याचा बोलबाला झाला, आणि पुढच्या पिढीत दोन पदकांची एक गोष्ट झाली. तर कृपा करून पेटी परत उपसा. कपड्यांच्या घडीत, जुन्या पाकिटांत, देवघराच्या खणात सुद्धा बघा, मी एका घरात असं पदक कुंकवाच्या करंड्यांबरोबर ठेवलेलं पाहिलंय कारण कोणाला तरी तो जुना रुपया वाटला होता. आणि तुम्ही म्हणता तो पागोट्यातला फोटो भिंतीवर आहे, त्याचा छातीजवळचा भाग भिंगातून बघा किंवा मोबाईलने जवळून काढून पाठवा. दोन वस्तू दिसल्या तर काका बरोबर आणि मीही बरोबर.

बरं आता नाव. नाव नाही म्हणून नकली, हेही चूक. युद्धपदकांच्या कडेवर शिपायाचं नाव, नंबर, पलटण कोरलेली असते, रावबहादूर-रावसाहेबांना 1911 पासून जे बिल्ले द्यायचे त्यांच्या मागे बहुतेक वेळा नाव आणि तारीख कोरलेली सापडते. पण ऑर्डरींचे बिल्ले बिननावाचेच यायचे. सीआयईवर नाव नसणं हे खरेपणाच्या विरुद्ध नाहीच. उलट मागे मोठ्या झोकात नाव कोरलेलं असेल तर ते घरच्यांनी नंतर करून घेतलेलं.

आणि म्हणूनच ताई, मी सुरुवातीपासून ज्या गोष्टीकडे येतोय ती ही की या फुलाचं नाव फुलावर नाही, कागदावर आहे. पेटीत एखादा मोठा जाड कागद, इंग्रजी छापील मजकूर, मधे हाताने लिहिलेलं पणजोबांचं नाव, ऑर्डरचं सील, असं काही आहे का? ती सनद. तिच्याबरोबर पत्रं असतील, गव्हर्नरच्या ऑफिसचं अभिनंदनाचं पत्र, समारंभाचं निमंत्रण, लोकांच्या तारा, वर्तमानपत्राचं कात्रण. आणि डबी. लंडनच्या गॅरार्ड कंपनीने या ऑर्डरचे पुष्कळ बिल्ले बनवले, आतल्या सॅटिनवर त्यांचं नाव छापलेलं असतं. हे सगळं मिळून पणजोबा होतात. यातलं एकेक वेगळं झालं की उरतं ते नुसतं लाल फूल, कोणाचंही.

मी हे इतक्या कळकळीने लिहितोय कारण वाटण्या होताना नेमकं हेच घडतं. बिल्ला सोन्याचा म्हणून एका भावाकडे जातो, सनद फ्रेम करून दुसऱ्याच्या दिवाणखान्यात, फोटो तिसऱ्याकडे आणि पत्रं रद्दीत. कुणाचाच हेतू वाईट नसतो. पण वीस वर्षांनी बिल्ला बाजारात येतो आणि कोणाचा ते कोणीच सांगू शकत नाही. तुम्ही चार भावंडं आहात म्हणता, तर वाटणी करायचीच असेल तर सगळं एकत्र एकाकडे ठेवा आणि बाकीच्यांना चांगले स्कॅन द्या.

सनद मिळाली नाही तरी हातपाय गाळू नका. 'लंडन गॅझेट'चे, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्राचे, जुने अंक इंटरनेटवर फुकट बघता येतात, सगळ्या नेमणुका त्यात छापल्या जायच्या, हुद्द्यासकट. शोधताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे याद्या ठरावीक दिवशी यायच्या, नववर्षाला 1 जानेवारीच्या सुमारास आणि राजाच्या वाढदिवसाला. पाचव्या जॉर्जचा वाढदिवस 3 जून, त्यामुळे 1911 पासून जूनचे अंक बघा. एडवर्डचा 9 नोव्हेंबर, पण त्याच्या वाढदिवसाच्या याद्या काही वर्षी जूनमधेही आल्या, म्हणून 1902 ते 1909 साठी जून आणि नोव्हेंबर दोन्ही बघा. शिवाय 12 डिसेंबर 1911 च्या दिल्ली दरबाराची मोठी यादी आहे, ती चुकवू नका. दुसरं म्हणजे स्पेलिंग. त्या काळी आपली नावं साहेबाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिली आहेत, गणपतरावाचं 'गनपुतराव' झालेलं असतं, आडनाव कधी गाळलेलं, कधी वडिलांचं नाव जोडून आलेलं. आडनावाने मिळालं नाही तर पीडब्ल्यूडी आणि मुंबई या शब्दांनी शोधा. मुंबई सरकार गॅझेटेड अधिकाऱ्यांच्या नोकरीचा तपशील छापायचं, कोण कधी कुठे बदली झाला, कधी बढती मिळाली, ते खंड मुंबईच्या पुराभिलेखागारात बघायला मिळाले तर कुठल्या कामासाठी मान मिळाला याचाही अंदाज येईल, धरणाचं काम होतं की दुष्काळी कामं की आणखी काही. मला स्वतःला बिल्ल्यापेक्षा हे शोधण्यातच जास्त आनंद मिळतो.

खरं-खोटं ओळखण्याबद्दल. फोटोवरून शंभर टक्के कोणीच सांगू नये, पण मला तुमचं फूल खरं वाटतंय. भिंग घ्या, दहा पटीचं असलं तर उत्तम. खऱ्या बिल्ल्याच्या पाकळ्यांचा लाल रंग हा मीना असतो, काचेसारखा, उजेडात तिरका धरला की आतून चमकतो आणि खालचं सोनं किंचित जाणवतं. नकलीत तो रंग लावल्यासारखा सपाट दिसतो, नखाला मऊ लागतो. मधल्या जांभळ्या कड्यातली लॅटिन अक्षरं खऱ्यावर कडक आणि स्वच्छ, नकलीत बुजलेली, कधी स्पेलिंगच चुकलेलं. नाटका-सिनेमासाठी आणि टुरिस्टांसाठी पुष्कळ नकला झाल्यात, त्यांना मागून बारीक खड्डे दिसतात, ओतकामाचे. तुमच्या एका पाकळीवर कोपऱ्यात मीना उडालाय, त्याने घाबरू नका, शंभर वर्षांच्या वस्तूला तेवढं चालतं. आणि कोणाला अगदीच पिटुकला, नखाएवढा बिल्ला सापडला तर तोही नकली म्हणून टाकू नका, रात्रीच्या समारंभात घालायला छोट्या प्रतिकृती मिळायच्या, त्या घरोघर सापडतात.

साफ करायचं का? नाही. भांडी घासायची पावडर नको, चिंच-मीठ नको, टूथपेस्ट नको, रिठ्याचं पाणीसुद्धा नको. एका कुटुंबाने माझ्याकडे यायच्या आधी हौसेने पॉलिश करून आणलेला बिल्ला मी पाहिलाय, कारागिराने आम्लात बुडवून काढला होता, दोन पाकळ्यांचा मीना पूर्ण गेला आणि मुकुटाची नक्षी घासून गुळगुळीत झाली. आजी रडायला लागल्या होत्या, मलाही काय बोलावं सुचेना. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बास. फितीचे तुकडे काढून टाकू नका, ती मूळ फीत आहे, दुसरी आणून लावू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, सुती कापडात गुंडाळून डबीत ठेवा आणि पावसाळ्यात त्याच डबीत, कापडाच्या बाहेर, सिलिका जेलची पुडी ठेवा. सनदेला सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर चुकूनही करू नका, लॅमिनेट केलेला कागद परत मोकळा होत नाही.

सराफाने सोन्याचा भाव सांगितला हे खरंच आहे, तो त्याचं काम करतोय, त्याच्या दृष्टीने ते सोनंच. पण बिल्ला म्हणून त्याची किंमत वेगळी आणि कागदपत्रांसकट तर आणखी वेगळी. एक गंमत सांगतो, स्टार ऑफ इंडियाचे बिल्ले घराघरांत का सापडत नाहीत? कारण ते माणूस वारला की सरकारला परत करायचे असा नियम होता, 1947 नंतर मात्र वारसांना ते विकत घेऊन ठेवायची मुभा मिळाली, फक्त वरच्या वर्गाचा गळ्यातला हार तेवढा नाही. इंडियन एम्पायरच्या बाबतीत परत करायचा तो फक्त जीसीआयईचा हार, हत्ती, मोर आणि गुलाब असलेला. साधा सीआयईचा बिल्ला कुटुंबाकडेच राहायचा. म्हणून तो तुमच्या पेटीत आहे, आणि म्हणूनच तो वितळवलाही सगळ्यात जास्त जातो.

लंडनला पाठवायचा विचार सोडा. 1972 चा पुरावशेष कायदा आहे, शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता-पाठवता येत नाही. तुमचा बिल्ला माझ्या अंदाजाप्रमाणे शंभरी ओलांडलेला आहे. कुरिअरने पाठवला आणि कस्टम्सने धरला तर वस्तू जाईल आणि तुम्ही अडचणीत याल. विकायचाच असेल तर भारतात रीतसर लिलाव करणाऱ्या संस्था आहेत, तिथे कागदपत्रांसकट एक संच म्हणून द्या. मी मात्र सांगेन की आत्ता विकू नका, आधी पणजोबा शोधून काढा, नंतर काय वाटतं ते बघा.

शेवटी तुम्ही थोडं दबकत लिहिलंय की घरातली तरुण मुलं म्हणतात ही गुलामीची खूण आहे, ठेवायचीच कशाला. मला त्या मुलांचा राग येत नाही. त्या काळीही लोकांना हा प्रश्न पडला होता आणि त्यांनी वेगवेगळी उत्तरं दिली. गांधीजींनी कैसर-ए-हिंद पदक 1920 ला परत केलं. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी रायबहादूरकी सोडली. सयाजीरावांनी 1911 च्या दरबारात राजापुढे एकदाच मान लववली आणि पाठ करून निघून गेले, त्यावर इंग्रजी वर्तमानपत्रांनी किती गदारोळ केला, तरी 1919 ला त्याच सरकारने त्यांना जीसीआयई दिली. गोखल्यांनी एक घेतलं आणि दुसरं नाकारलं. तुमच्या पणजोबांनी ते घेतलं, पेटीत जपून ठेवलं, आणि रोज कामावर जाऊन रस्ते नि कालवे बांधले, ते आज कुठेतरी वापरात असतील. मुलांना सांगा, आधी ते कालवे शोधा, मग ठरवा.

माझ्याकडे एक सीआयई आहे, 1996 ला चोर बाजारात मटण स्ट्रीटवर घेतलेला. तुमच्यासारखाच, छातीवरचा, पट्टी आणि पिन शाबूत, डबी नाही, कागद नाही. विकणाऱ्याने सांगितलं की पुण्याकडच्या एका जुन्या घरातून भंगारात आला, घर कुठलं ते त्यालाही आठवत नव्हतं. गॅझेटच्या याद्यांमधून पुण्याशी संबंध असलेले सगळे सीआयई मी काढले, वंशज सापडले त्यांना पत्रं लिहिली, एकानेही आमचा म्हणून ओळखला नाही. अजून कपाटात आहे. तुमच्या भिंतीवरच्या त्या फोटोचा क्लोजअप तेवढा आजच पाठवा.